गाळ्याच्या काँक्रीट भिंतींना आतून थर्माकोल लावावा का?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो लगेच लक्षात येईल. नवी मुंबईतील रबाळे येथे आपला २० फूट रुंद, ४५ फूट लांब, म्हणजे ९०० चौरस फुटांचा गाळा आहे. उंची १४ फूट, भिंती सहा इंची काँक्रीटच्या आणि वर पत्रा. पश्चिमेची लांब भिंत उन्हापावसाला पूर्ण उघडी आहे, पूर्वेला शेजाऱ्याचा गाळा आहे आणि उत्तरेला शटर. गाळ्यात फर्निचरचे काम चालते. मार्च ते मे या काळात कारागिरांना दुपारी उभे राहवत नाही, पावसाळ्यात भिंती ओलसर लागतात आणि यंत्रांच्या बिडाच्या टेबलांवर गंज चढतो. कंत्राटदाराने चारही भिंतींना आतून दोन इंची थर्माकोल, त्यावर चौकट, प्लाय आणि सनमायका असे काम सुचवले आहे. पुढे एसी बसवायचा असेल तर हे आधीच करून घ्या, असे त्याचे म्हणणे आहे. ते करावे का, हे आपल्याला ठरवायचे आहे.

आपण सांगितलेली माहिती बरोबर आहे असे धरले, तर माझे उत्तर असे: चारही भिंतींना आतून हे काम करू नये, आणि येता पावसाळा संपेपर्यंत तर कोणत्याच भिंतीला करू नये. आपल्या गाळ्यात उष्णता मुख्यतः पत्र्यातून येते, ओल भिंतीतून किंवा हवेतून येते आणि गंज हवेतील दमटपणामुळे चढतो. तिन्ही तक्रारींची मुळे वेगवेगळी आहेत आणि थर्माकोल त्यांपैकी एकाच्याही मुळाशी पोहोचत नाही. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील गाळ्यांमध्ये उष्णता आणि ओल यांचीच कामे मी गेली २६ वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून माझी कारणे सविस्तर सांगतो.

सर्वांत आधी भिंत खरोखर काँक्रीटची आहे का, याची खात्री करून घ्यावी. आपल्याकडच्या बहुतेक गाळ्यांत खांब आणि तुळया आरसीसीच्या असतात, पण मधली भिंत विटांची, सिमेंटच्या ठोकळ्यांची किंवा सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) असते आणि वरच्या गिलाव्यामुळे सगळे सारखेच दिसते. कोपऱ्यात एक छोटे भोक पाडून पाहावे. लाल भुकटी आली तर वीट, ड्रिल सहज आत शिरून हलकी पांढुरकी भुकटी आली तर सिपोरेक्स, आणि ड्रिल मध्येच खडीवर अडखळत करडी भुकटी काढू लागले तर काँक्रीट. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तेवढ्याच जाडीची सिपोरेक्सची भिंत काँक्रीटच्या सुमारे एक चतुर्थांश इतकीच उष्णता आत येऊ देते. भिंत सिपोरेक्सची निघाली, तर उन्हाळ्यासाठी तिला आणखी काही लावण्याचा प्रश्नच उरत नाही.

ती काँक्रीटचीच आहे असे धरून पुढे जाऊ. काँक्रीट उष्णतेला फारसे अडवत नाही, हे कंत्राटदाराचे म्हणणे बरोबर आहे. सहा इंची काँक्रीट भिंतीच्या दोन बाजूंत एक अंशाचा फरक असेल, तर प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ३.८ वॉट उष्णता आत येते. दोन इंची चांगला उष्णतारोधक थर लावला की हाच आकडा साधारण अर्ध्या ते पाऊण वॉटवर येतो. कागदावर ही घट फार मोठी दिसते आणि कामाचे समर्थन बहुतेक वेळा याच आकड्यावर केले जाते. परंतु एकूण उष्णतेत भिंतींचा वाटा किती, हे पाहिल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही.

आपल्या पश्चिम भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे ५८ चौरस मीटर आहे. एप्रिलच्या दुपारी तिच्यावर थेट ऊन पडते तेव्हा ऊन आणि हवा यांचा एकत्रित परिणाम ५० अंशांच्या आसपास, म्हणजे आतल्या हवेपेक्षा साधारण १५ अंश जास्त, धरावा लागतो. त्या हिशेबाने तिच्यातून जास्तीत जास्त तीन-साडेतीन किलोवॉट उष्णता आत येते, आणि तीही लगेच येत नाही. काँक्रीट आधी स्वतः तापते आणि मग चार-पाच तासांनी आत उष्णता सोडते. म्हणून तीन वाजताच्या उन्हाची झळ आपल्याला सात-आठ वाजता जाणवते. आपले काम सहाला बंद होत असेल, तर या भिंतीची सर्वांत जास्त उष्णता रिकाम्या गाळ्यात येते.

आता पत्रा पाहा. ठाणे आणि नवी मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. म्हणजे उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन छतावर पडते, दक्षिणेच्या भिंतीला ते जवळजवळ लागतच नाही, आणि आपल्या पूर्वेच्या भिंतीमागे तर शेजाऱ्याचा गाळाच आहे. जुना, मळका पत्रा दुपारी साठ अंशांच्या आसपास सहज तापतो. अशा पत्र्याखाली प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे १५० वॉट उष्णता खाली येते. आपले छत ८४ चौरस मीटरचे आहे, म्हणजे एकट्या छतातून साडेबारा किलोवॉटच्या आसपास. ही उष्णता येण्यास काही तास लागत नाहीत, पत्रा तापला की ती लगेच डोक्यावर येते. एसीच्या भाषेत एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट; म्हणजे छत साडेतीन टनांचे आणि पश्चिम भिंत जेमतेम एका टनाची. उरलेल्या तीन भिंतींचा वाटा त्याहून बराच कमी आहे. हे आकडे अंदाजे आहेत, पत्र्याचा रंग आणि वारा यांनुसार ते बदलतील. पण छत आणि भिंत यांतील प्रमाण उलटे होईल असा एकही पत्र्याचा गाळा मी या पट्ट्यात पाहिलेला नाही.

उष्णतेचा तिसरा स्रोत फारसे कोणी मोजत नाही, तो म्हणजे आपली यंत्रे. मोटर जेवढी वीज घेते, ती जवळजवळ सगळी शेवटी गाळ्यातच उष्णता होऊन राहते. लाकूड कापण्यात खर्च झालेली शक्तीही घर्षणातून उष्णताच होते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. पॅनेल सॉ, राउटर, कॉम्प्रेसर आणि भुसा ओढून घेणारा डस्ट कलेक्टर मिळून सरासरी आठ अश्वशक्तीचा भार चालत असेल, तर सहा किलोवॉट उष्णता आपण स्वतःच आत निर्माण करत असतो, म्हणजे पश्चिम भिंतीच्या जवळजवळ दुप्पट. ही उष्णता बाहेर काढायचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे हवा. सेकंदाला एक घनमीटर हवा खेचणारा एक्झॉस्ट पंखा, आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच अंश गरम असेल तर, साधारण सहा किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. पंखा उंचावर बसवावा आणि त्याच्या समोरच्या बाजूला, खाली, हवा आत येण्यास तितकीच मोकळी जागा ठेवावी. शटर बंद ठेवून एक्झॉस्ट चालवला तर पंखा नुसता फिरतो आणि हवा जागची हलत नाही.

म्हणून उन्हाळ्यासाठी माझा क्रम ठरलेला आहे. पहिले काम छताचे. पत्रा धुऊन, गंज खरवडून त्यावर पांढरा उष्णतापरावर्तक रंग दिला, तर पत्र्याचे तापमान साठवरून ४५ अंशांच्या आसपास येते आणि आत येणारी उष्णता निम्म्याहून कमी होते. आपल्या औद्योगिक पट्ट्यात धूळ आणि काजळी भरपूर असल्यामुळे हा रंग दरवर्षी फेब्रुवारीत धुवावा लागतो. धुतला नाही तर दोन-तीन वर्षांत त्याचा गुण बराचसा जातो. पत्रा बदलण्याचीच वेळ आली असेल, तर मध्ये पफ (पॉलियुरेथेनचा फोम) भरलेला दुहेरी पत्रा घ्यावा, तो कायमचा उपाय आहे. पत्र्याखाली चंदेरी फॉइलही चालते, मात्र तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये हवेची पोकळी हवी. तीच बुडबुड्यांची फॉइल काँक्रीटच्या भिंतीवर चिकटवून इन्सुलेशन म्हणून विकली जाते, तेव्हा तिचा उपयोग नगण्य असतो, कारण फॉइल काम करते ती समोरच्या पोकळीच्या जोरावर आणि भिंतीला चिकटवल्यावर त्या बाजूची पोकळीच उरत नाही.

दुसरे काम पश्चिम भिंतीचे, पण बाहेरून. ऊन भिंतीवर पडल्यानंतर त्याला आत अडवण्यापेक्षा ते भिंतीवर पडूच न देणे केव्हाही चांगले. भिंतीबाहेर आपल्या हद्दीत फूटभर जागा असेल, तर अँगलच्या चौकटीवर तीन-चार इंचांची पोकळी सोडून, खालून-वरून उघडा, पत्र्याचा किंवा सिमेंट शीटचा पडदा उभारावा. पोकळीतील तापलेली हवा आपोआप वर निघून जाते, भिंत सावलीत राहते, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झोडही त्याच पडद्यावर थांबते. जागा नसेल, तर भेगा बुजवून पांढरा जलरोधक रंग द्यावा. आपला पट्टा पश्चिमेची खाडी आणि पूर्वेचा पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये आहे. दुपारनंतर जो वारा सुटतो, तो याच पश्चिमेकडून येतो. इन्सुलेशनच्या नादात त्या भिंतीतील खिडक्या प्लाय लावून बंद केलेल्या मी अनेक ठिकाणी पाहिल्या आहेत. त्यातून ऊन थोडे अडते, पण वारा पूर्णपणे जातो.

आता ओलीबद्दल. हा भाग मी थोडा लांबवणार आहे, कारण पैसे वाया जाण्यापेक्षा मोठे नुकसान इथे होते. भिंत ओलसर लागते याची दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात: बाहेरचे पाणी भिंतीतून झिरपून आत येते, किंवा आतल्या दमट हवेतील बाष्प थंड भिंतीवर दव होऊन साचते. ओळखण्यासाठी पावसाळ्यात दोन फूट बाय दोन फूट जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी घट्ट चिकटपट्टीने लावावा आणि २४ तासांनी पाहावे. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला असतील, तर ओल भिंतीतून येते. मागची बाजू कोरडी आणि समोरची ओलसर असेल, तर ती हवेतून येते. ही परीक्षा पश्चिम भिंतीवर किमान तीन ठिकाणी करावी: जमिनीपासून फूटभर वर, मध्यावर आणि तुळईच्या खाली. तिथल्या सांध्यातून पाणी येणे फार नेहमीचे आहे.

ओल भिंतीतून येत असेल, तर आतून काहीही लावणे म्हणजे दुखणे झाकणे. ओल्या काँक्रीटमधील सळ्या गंजतात आणि गंजताना फुगून काँक्रीटचे पोपडे काढतात. खाडीजवळच्या खारट हवेत हे अधिक वेगाने घडते. उघड्या भिंतीवर तांबूस डाग किंवा बारीक उभी भेग दिसली की वेळीच दुरुस्ती करता येते. प्लायमागे ती दिसतच नाही. शिवाय थर्माकोलमागे उंदीर घरे करतात, ओल्या चौकटीला वाळवी लागते, आणि लाकडाच्या कारखान्यात वाळवी म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको.

एसीचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मी माझ्याच चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत महापे येथील एका कारखान्यात मोजमापाच्या खोलीसाठी मी बाहेरच्या भिंतीला आतून थर्माकोल आणि प्लाय लावून वर विनाइलचा कागद चिकटवला होता. थंड देशांतील पुस्तकांत बाष्परोधक थर आतल्या बाजूला दाखवलेला असतो, तो मी तसाच उचलला. दुसऱ्या पावसाळ्यात खोलीत कुबट वास येऊ लागला. प्लाय उघडला तेव्हा तो मागून बुरशीने काळा झाला होता आणि भिंतीवरून पाण्याचे ओघळ उतरत होते. सगळे काढून फेकावे लागले आणि तो खर्च मी सोसला. कारण नंतर नीट समजले. थंड देशात आत ऊब आणि बाहेर थंडी असते, म्हणून बाष्प आतून बाहेर जाते आणि तिथे बाष्परोधक थर आत असणे योग्य ठरते. आपल्याकडे जुलैमध्ये बाहेरची हवा २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची असते. अशी हवा सुमारे २६ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की तिचे दव होते. एसीने खोली २४ अंशांवर ठेवली, तर बाहेरून भिंतीत शिरलेले बाष्प थंड प्लायपर्यंत येते, विनाइल किंवा सनमायका त्याला पुढे जाऊ देत नाही, आणि ते तिथेच पाणी होते. पावसात भिजलेल्या भिंतीवर ऊन पडले की ही ओल आणखी जोराने आत ढकलली जाते. आपल्याला सुचवलेल्या कामात थर्माकोल, प्लाय आणि सनमायका हाच क्रम आहे, म्हणून मला ती चिंता विशेष वाटते.

गंजाबद्दल थोडक्यात सांगतो. रात्री थंड झालेले बिडाचे जड टेबल सकाळी शटर उघडल्यावर आलेल्या दमट हवेत दव धरते. भिंतीवर थर्माकोल असला काय आणि नसला काय, टेबलाला फरक पडत नाही. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की लोखंड झपाट्याने गंजते. टेबलावर मेणाचा हात द्यावा आणि रात्री यंत्रावर जाड कापडी आच्छादन घालून आत एक छोटा दिवा लावून ठेवावा. टेबल हवेपेक्षा दोन-तीन अंश उबदार राहिले तरी दव बसत नाही. मात्र दिवा कापडाला आणि भुशाला टेकणार नाही अशा जाळीत बसवावा. लाकडाचेही तसेच आहे: ८५ टक्के आर्द्रतेत लाकूड सुमारे १८ टक्के ओल धरते, ६० टक्क्यांत सुमारे ११. भिंत बदलून हा फरक मिटत नाही, हवा कोरडी करावी लागते.

मग एसीचे काय? इथे उत्तर पूर्णपणे आपल्या कामावर अवलंबून आहे. आपला डस्ट कलेक्टर हवा गाळ्याबाहेर सोडत असेल, तर तीन अश्वशक्तीचे यंत्र सेकंदाला जवळजवळ एक घनमीटर हवा बाहेर फेकते. आपल्या गाळ्यात सुमारे ३६० घनमीटर हवा आहे, म्हणजे थंड केलेली सगळी हवा सहा-सात मिनिटांत बाहेर जाणार. अशा गाळ्यात भिंतींचे इन्सुलेशन करून एसी बसवणे मला पटत नाही. त्याऐवजी पॉलिशसाठी नव्हे, पण जुळणी, गोंदकाम आणि तयार लाकूड ठेवण्यासाठी आत एक १२ बाय १५ फुटांची बंद खोली करावी, तिला स्वतःचे छत असावे, आणि ती पश्चिम भिंतीपासून किमान फूटभर सोडून उभी करावी. भिंत उघडी राहते, मध्ये माणूस टॉर्च घेऊन पाहू शकतो आणि एक-दीड टनाचा एसी किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र पुरते.

एका परिस्थितीत मी माझे मत बदलेन. आपले कारागीर संध्याकाळी उशिरापर्यंत पश्चिम भिंतीलगतच्या बाकांवर काम करत असतील, बाहेरून पडदा उभारण्यास परवानगी मिळत नसेल, आणि एक पूर्ण पावसाळा ती भिंत कोरडी राहिल्याचे आपण स्वतः पाहिले असेल, तर फक्त त्या भिंतीला आतून थर लावण्यास माझी हरकत नाही. पण तेव्हाही थर्माकोल नको. पाणी न पिणारे एक्सपीएसचे (थर्माकोलच्याच जातीच्या, पण घट्ट आणि सलग फोमचे) तक्ते गोंदाच्या सलग थराने भिंतीला पूर्ण चिकटवावेत, मागे पोकळी ठेवू नये, वर सिमेंट बोर्ड लावावा आणि त्यावर साधा पाण्याचा रंग द्यावा. सनमायका, विनाइल किंवा तैलरंग नको. खाली जमिनीपासून फूटभर जागा मोकळी सोडावी, कारण जोराच्या पावसात आपल्या पट्ट्यातल्या सखल गाळ्यांत पाणी शिरते. नळ्या, हवेची पाइपलाइन आणि जड मांडण्या यांची जागा आधीच ठरवून त्यांचे बोल्ट थेट काँक्रीटमध्ये घ्यावेत, थरावर काहीही टांगू नये.

आगीचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे, कारण त्यात तडजोड नाही. थर्माकोल, एक्सपीएस आणि पफ हे तिन्ही पेटतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. आपल्या गाळ्यात लाकडाचा बारीक भुसा आहे, थिनर आहे, आणि बिजागरीच्या कामासाठी कधीतरी ग्राइंडरही चालत असणार. वर प्लाय लावून थर्माकोल झाकला, असे म्हणणे म्हणजे जळणावर जळण ठेवणे आहे. आवाज कमी होईल म्हणून थर्माकोल लावा, असेही कोणी सांगेल. तोही गैरसमज आहे. सहा इंची काँक्रीट आवाज पुरेसा अडवते, शेजाऱ्यापर्यंत तो शटर आणि पत्र्यातून जातो. आतला घुमणारा आवाज कमी करायचा असेल, तर न पेटणारे रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) जाळीमागे छताखाली लावावे. त्याने उष्णतेलाही मदत होते.

निर्णयापूर्वी एक छोटे काम करा. तापमान आणि आर्द्रता दाखवणारी दोन साधी घड्याळे घ्या, एक कामाच्या उंचीवर आत आणि दुसरे बाहेर सावलीत ठेवा, आणि आठ दिवस सकाळी नऊ, दुपारी एक, चार आणि संध्याकाळी सातचे आकडे वहीत लिहा. त्याच वेळी इन्फ्रारेड तापमापकाने पत्र्याचे आणि पश्चिम भिंतीचे तापमान घ्या. पत्रा चकचकीत असेल तर त्यावर आधी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजा, नाहीतर यंत्र फार कमी आकडा दाखवते. दुपारी चारला पत्रा ५५ आणि भिंत आतून ३७ दिसली, तर पैसे कुठे घालायचे हे ती वहीच सांगेल. पत्रा ४२ च्या आत आणि भिंत ४२ च्या वर दिसली, तर माझा अंदाज आपल्या गाळ्याला लागू होत नाही, आणि मग भिंतीचा विचार नव्याने करावा लागेल.

गाळा भाड्याचा असेल तर छताच्या रंगासाठी मालकाची आणि बाहेरच्या पडद्यासाठी इस्टेटच्या सोसायटीची लेखी परवानगी आधीच घ्यावी. छताचे काम मार्चपूर्वी उरकावे, आणि प्लास्टिकचे तुकडे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, भिंत दोन-तीन दिवस सलग भिजल्यावर लावावेत. त्याआधी लावले तर भिंत कोरडीच दिसेल.